घराकडे बघू नका हं!

दसऱ्याचे सोने वाटून झाले की दिवाळीला जेमतेम वीस दिवस उरतात. या वीस दिवसांत आपल्याकडचे प्रत्येक मध्यमवर्गीय घर एकदा तरी पोटातले सगळे बाहेर काढते. माळ्यावरचे डबे जिन्यात येतात, गाद्या गच्चीत उन्हाला पडतात, आणि वर्षभर शोधून न सापडलेला अडकित्ता कपाटामागून निमूटपणे बाहेर येतो. एरवी या उलथापालथीत माझी मजल जळमटे काढण्यापलीकडे जात नाही. यंदा मात्र गोष्ट निराळी झाली, आणि ती एका प्रश्नामुळे झाली.

आमची थोरली इयत्ता चौथीत आहे. भाद्रपदात ती एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. परत आली, हातातली पिशवी टेबलावर ठेवली, आणि केक कसा होता, कोण कोण आले होते, यातले काहीच न सांगता तिने मला विचारले,

“आई, आपलं घर वाईट आहे का गं?”

मी कणीक मळत होते. हात तसेच ठेवून म्हटले, “वाईट म्हणजे?”

“म्हणजे दाखवण्यासारखं नाही का?”

“कोण म्हणालं तुला असं?”

“कुणी नाही,” म्हणून ती हातपाय धुवायला निघून गेली. रात्री अंथरुणात मात्र हळूच म्हणाली, “माझा वाढदिवस आपण घरी नको करू या. हॉटेलात करू या, चालेल?”

वाचकहो, मुलांचे प्रश्न आईबापांना नवे नसतात. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, आजोबा देवाघरी गेले तर परत कधी येणार, अशा प्रश्नांना मी धीराने तोंड दिलेले आहे. पण हा प्रश्न मला रात्रभर टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी आमच्या बाहेरच्या खोलीत उभी राहिले आणि परक्या माणसाने पाहावे तशी ती पाहिली.

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे आमचे घर. १९८४ साली सासऱ्यांनी कर्ज काढून घेतलेले. शेवटचा रंग धाकट्याच्या जन्माआधी लागला होता. त्या रंगाचे मूळ नाव काय होते हे आता कुणालाच आठवत नाही. धूर, धूळ आणि ट्यूबलाइट यांनी मिळून त्याला नवे नाव दिले होते. खिडकीच्या कोपऱ्यात ओलीने एक नकाशा काढला होता. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत धाकट्या चिरंजीवांनी खडूने आगगाड्या सोडल्या होत्या. सोफ्यावर दोन पाहुणे दोन टोकांना बसले तरी थोड्या वेळाने मधोमध भेटत. मला वाटले, पोरीचे काय चुकले?

आता पैशांचे. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, तेही तासाच्या हिशेबाने. आमचे हे एका खासगी कचेरीत जमाखर्च पाहतात. घरात मिळकती दोन आहेत, पण दोन्ही अंगाने बारीक. यंदा उत्तरपत्रिका तपासल्याचे मानधन आणि भिशीचा लागलेला नंबर मिळून हातात १८,००० रुपये होते. एका ठेकेदाराला घर दाखवले. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केले, वहीत आकडे मांडले आणि ५२,००० सांगितले. यांनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर हे म्हणाले, “चहाचे तेवढे वजा करायला सांगायला हवं होतं.”

त्या रात्री सतरंजीवर घरातली पाचही माणसे बसली. सासूबाई, आम्ही दोघे, थोरली आणि पेंगणारा धाकटा. तिथे चार गोष्टी ठरल्या. एक, हप्त्याने काहीही घ्यायचे नाही. दोन, सगळे घर नको. बाहेरची खोली एकटीच, पण नीट. तीन, कोणतीही वस्तू विकत आणण्याआधी ती घरात दुसऱ्या रूपाने आहे का हे शोधायचे. आणि चार, प्रत्येकाने एकेक गोष्ट ठरवायची व इतरांनी तिला नावे ठेवायची नाहीत. चौथा नियम सगळ्यात आधी मोडला. थोरलीने भिंतीला जांभळा रंग मागितला, धाकट्याने ‘बसचा’ लाल, आणि हे म्हणाले, “पांढऱ्यात वाईट काय आहे?”

शेवटी शेजारच्या इमारतीत काम केलेल्या एका रंगाऱ्याला बोलावले. रोज १,००० रुपये आणि सामान आपण आणून द्यायचे, असा करार झाला. मुलांनी पहिल्याच दिवशी त्यांचे ‘रंगारीमामा’ केले. या मामांकडून मी तीन दिवसांत जे शिकले, ते माझ्यासारख्या पुस्तकी बाईला कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते. म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

मामांनी रंगाचे नावच काढले नाही. ते सरळ ओलीच्या कोपऱ्यात गेले आणि खिडकीतून बाहेर वाकून पाहू लागले. सज्जाला बारीक भेग गेली होती. पावसाचे पाणी तिथून गिलाव्यात उतरत होते. म्हणाले, “ताई, ओल्या भिंतीला रंग म्हणजे तापातल्या माणसाला पावडर.” भेग बुजवायला ८०० रुपये लागले. ते काम नवरात्राआधी केले आणि भिंत वाळू दिली. वाळली की नाही हे पाहायची त्यांची युक्ती सोपी आहे. प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले तर थांबायचे. आमच्याकडे पहिल्यांदा दव दिसले, आठ दिवसांनी दिसले नाही. धाकट्याला हा खेळ इतका आवडला की त्याने फ्रीजलाही एक तुकडा चिकटवला.

मग हिशेब. आमची खोली १४ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. दारे-खिडक्या वजा जाता भिंती सुमारे ३७५ चौरस फूट. चांगल्या रंगाच्या एका लिटरात दोन हातांसाठी साधारण ६० चौरस फूट धरायचे. हे गणित थोरलीने तिच्या वहीत केले, आणि भागाकार पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला म्हणून तिलाच आश्चर्य वाटले. दुकानदार १० लिटर सांगत होता. आम्ही ७ आणले आणि ते पुरले.

त्यातही मामांनी एक भेद केला. खालचे चार फूट निराळे, वरचे निराळे. पूर्वी चाळींतून आणि शाळांतून खालच्या भागाला तैलरंगाचा पट्टा असे, ते उगीच नव्हे. मुलांचे हात, सायकलची चाके, तेल लावलेली डोकी या सगळ्यांचे राज्य चार फुटांखाली असते. म्हणून खाली ओल्या फडक्याने पुसता येईल असा महागातला रंग तीन लिटर आणि वर साधा चार लिटर. वरून कोण हात लावणार आहे? रंगाची छटाही दुकानातल्या कार्डावरून ठरवली नाही. कार्डावरच्या टीचभर चौकोनात दिसतो त्यापेक्षा रंग भिंतीवर एक पायरी गडद दिसतो. आम्ही भिंतीवरच फूटभर चौकोन रंगवून ते सकाळच्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली पाहिले. त्यात जांभळा आपोआप गळाला आणि ताकासारखा पांढरट पिवळा निवडून आला. थोरलीची समजूत म्हणून खिडकीची चौकट जांभळी केली. खरे सांगते, ती छान दिसते.

एक गोष्ट मात्र लहान मुले असणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असे आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. आपल्याकडे याविषयीचे नियम २०१६ साली झाले, आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असता कामा नये असे बंधन आले. पण दारा-चौकटींवरचे जुने थर त्याआधीचे असतात. ते कोरडे घासले तर धूळ उडते, जमिनीवर बसते आणि रांगत्या-खेळत्या मुलांच्या हातावाटे तोंडात जाते. म्हणून चौकटी ओल्या करूनच घासायच्या, फरशी ओल्या फडक्याने पुसायची आणि त्या दिवशी मुलांना घरात ठेवायचे नाही. आम्ही दोघा मुलांना सासूबाईंबरोबर त्यांच्या आत्याकडे पाठवले.

आणि त्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली.

आमच्या बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायच्या दाराशेजारी भिंतीची चार बोटे रुंदीची एक उभी पट्टी होती. तिथे सासरे दर गुढीपाडव्याला मुलांना उभे करीत, डोक्यावर पट्टी टेकवून पेन्सिलीने रेघ ओढीत आणि शेजारी बारीक अक्षरांत साल लिहीत. यांच्या लहानपणाच्या आठ रेघा, थोरलीच्या पाच, आणि जेमतेम उभ्या राहणाऱ्या धाकट्याची एक. घराला आजवर जितक्यांदा रंग लागला, तितक्यांदा ती पट्टी तेवढी कोरी सोडलेली होती. ती का सुटत असे, हे मला कधी सुचलेच नव्हते. सुटत असे, कारण प्रत्येक वेळी सासरे स्वतः तिथे खुर्ची टाकून बसत. त्यांना जाऊन आता तीन वर्षे झाली. खुर्ची टाकणारे कुणी उरले नव्हते.

त्या दिवशी सकाळी मी मामांना सांगितले, “सगळं खरवडा. एकही जुना पोपडा ठेवू नका,” आणि दोन तासिका घ्यायला निघून गेले. हे आतल्या खोलीत दार लावून कचेरीचे काम करीत होते. मामा भला माणूस. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे खरवडले, लांबी भरली, घासून भिंत आरशासारखी केली.

संध्याकाळी सासूबाई मुलांना घेऊन परत आल्या. चपला काढल्या, दाराशी आल्या, आणि भिंतीवर सवयीने हात टेकला. हात तिथेच राहिला. मग म्हणाल्या, “गुळगुळीत झाली हो भिंत,” आणि आत गेल्या.

एवढेच. पण ते ऐकताच माझ्या पोटात खड्डा पडला. हे बाहेर आले, त्यांनी भिंतीकडे पाहिले, आणि चाळिशी उलटलेला माणूस लहान मुलासारखा म्हणाला, “बाबांच्या रेघा गेल्या?” कुणी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखे काय होते? मी नसले तरी हे घरात होते; हे कामात होते तरी मी सांगून जायला हवे होते. त्या रात्री खिचडी केली आणि तीही उरली. दुसऱ्या दिवशी मामांना कळले तेव्हा त्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला. “ताई, मी विचारायला पाहिजे होतं. घरोघर असल्या रेघा असतात.” मी म्हटले, “मामा, सांगायचं काम माझं होतं.”

काम थांबवता येत नाही, हे एक बरे असते. छत झाले, मग भिंती झाल्या, शेवटी दारे झाली. वरून खाली हाच क्रम, म्हणजे वरचे थेंब खालच्या ताज्या रंगावर पडत नाहीत. रंग व सामान मिळून ४,९०० रुपये, मजुरी ३,००० आणि भेगेचे ८००, असे ८,७०० भिंतींनी खाल्ले. उरलेल्यात खोली सजवायची होती.

इथे माझ्यातली मराठीची बाई जागी झाली. दिवाणखाना, पडदा, गालिचा हे शब्द फारसीतून आले. खुर्ची अरबीतून आली, सोफा इंग्रजांबरोबर आला. सजावटीचे निम्मे शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि बैठकीत बसले. पण माजघर, पडवी, ओसरी, पाट, चौरंग, गोधडी हे घरचे. आणि आपली क्रियापदे तर पाहा. आपण घर ‘लावतो’, ‘आवरतो’, संसार ‘मांडतो’. लावणे, आवरणे, मांडणे यांत विकत घेणे कुठेच नाही. आहे ते जागच्या जागी ठेवणे, एवढाच त्यांचा अर्थ. हे व्याख्यान मी जेवताना दिले. हे म्हणाले, “मग सोफा काढून टाकायचा का?” आणि खरोखरच आम्ही तो काढून टाकला.

त्याच्या जागी काय, हे सासूबाईंनी ठरवले. त्यांच्या खोलीत त्यांच्या लग्नातली पत्र्याची मोठी ट्रंक होती. तिच्यावर कापसाची गादी टाकली की दोघांची बैठक होते, आणि आत रजया राहतात त्या वेगळ्याच. गादीला १,४०० रुपये पडले. पडद्यांसाठी त्यांनी एक सुती लुगडे काढून दिले. मी नको म्हणत होते. “अगं, आता मी नऊवारी नेसणार कुठे? पडदा होऊन वाऱ्यावर तरी हलेल,” त्या म्हणाल्या. एका लुगड्यात खिडकीचे दोन, दाराचा एक असे तीन पडदे आणि वर दोन उशांचे अभ्रे निघाले. दांड्या, कड्या आणि शिलाई मिळून १,५००. बुरूड आळीतून बांबूची एक टोपली आणली, उलटी टांगली, आत दिवा सोडला. ५०० रुपयांत असे झुंबर मिळाले की संध्याकाळी छतावर उन्हाची जाळी पडते. दिवा मात्र एल.ई.डी.चाच हवा, जुन्या तापणाऱ्या दिव्याने बांबू करपेल. जुन्या बाजारात रविवारी सकाळी सागवानी फळ्यांची एक पुस्तकांची मांडणी १,८०० ला मिळाली. तिला घासून झिलई करायला आणखी ४०० लागले. मुलांच्याच चार चित्रांना ६०० रुपयांत चौकटी केल्या. सगळी बेरीज १४,९००. थोरलीने वहीत ‘शिल्लक ३,१००’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पण ट्रंकेची हकीकत अर्धीच सांगितली. ती रिकामी करायला सासूबाई स्वतः बसल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. वरची लुगडी निघाली, शालू निघाला, मुलांची टोपडी-दुपटी निघाली. तळाला कागद होते. आपल्याकडे ट्रंकेच्या तळाचे कागद कुणी काढून टाकत नाही. त्यांच्यावरच नवे घालतो. त्यामुळे पुराणवस्तू खात्याच्या खोदकामात निघावेत तसे थरावर थर होते, आणि ते सगळे भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयची सुटी पाने होती. सासूबाई एकेक पान काढून बाजूला ठेवत होत्या. थोरली ती उलटून दुधाचे खाडे वाचत होती. एकाएकी ती ओरडली, “आजी, यात माझी उंची आहे!”

सासऱ्यांनी ज्या दिवशी भिंतीवर रेघ ओढली, त्या दिवशी पाडव्याच्या चौकोनातही तीच नोंद केली होती. टपालखात्यात जन्म गेला होता त्यांचा. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवायची सवय. आम्ही सगळेच जमिनीवर बसलो. एक तासभर मार्च-एप्रिलची पाने शोधत होतो. बाकीचे महिने भरपूर मिळाले. पाडव्याची पाने मिळाली चार. १९८७, यांची, ३ फूट ८ इंच. १९८९, यांचीच, ४ फूट १ इंच. २०१९, थोरलीची, ३ फूट १ इंच. आणि २०२०. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता; त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरांत होते, ‘बाहेर जाणे बंद. थो. ३ फूट ३॥ इंच.’

चौदांपैकी चार. धाकट्याची एकुलती एक रेघ गेली ती गेलीच. यांच्या सहा गेल्या, थोरलीच्या तीन गेल्या. हे सगळे भरून आले असे मी म्हणणार नाही. पण नव्या रंगावर, त्याच जागी, सासूबाईंनी टेपने मोजून स्वतःच्या हाताने चार रेघा ओढल्या. थोरलीने तिथे उभे राहून पाहिले. ती आता ४ फूट ३ इंच आहे. म्हणजे आठ वर्षांच्या बाबांपेक्षा दोन इंचांनी उंच. हे तिला इतके गमतीचे वाटले की ती दिवसभर यांना “अरे बाळा” म्हणत होती.

अशी आमची खोली सजली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी ट्रंकेवर बसून, बांबूच्या झुंबराकडे पाहत, स्वतःवरच खूश होते. तेवढ्यात घंटा वाजली. समोरच्या काकू फराळाची चव द्यायला आल्या होत्या. मी दार उघडले आणि तोंडातून शब्द निघाले,

“या ना काकू! पण घराकडे बघू नका हं, फार पसारा आहे.”

काकू म्हणाल्या, “छे, किती छान केलंयस!” चकली ठेवून, दोन घटका बसून त्या गेल्या. दार लावून वळते तो थोरली पुढ्यात उभी.

“आई, आता का म्हणालीस तसं?”

“काय म्हणाले?”

“घराकडे बघू नका. आता तर घर चांगलं झालंय ना? तरीही?”

मी हसून म्हटले, “अगं, ती म्हणायची पद्धत असते.”

“पण तू सगळ्यांना म्हणतेस. नेहमीच म्हणतेस. माझ्या मैत्रिणीच्या आईनं तसं काहीच म्हटलं नाही. ती नुसतं म्हणाली, या, बसा. म्हणून मला वाटलं, तिचं घर चांगलं असणार आणि आपलं वाईट.”

मी मटकन खाली बसले. भाद्रपदापासून मला पडलेल्या कोड्याचे उत्तर हे होते. तिच्या मैत्रिणीने काही म्हटले नव्हते, मैत्रिणीच्या आईने म्हटले नव्हते, ओलीच्या नकाशाने किंवा वाकलेल्या सोफ्याने तिला काही शिकवले नव्हते. घराची लाज तिला मी शिकवली होती. दर पाहुण्याला दारात उभे करून, दर वेळी, हसत हसत.

माझी आई हेच म्हणायची. तिच्या आईनेही बहुधा हेच म्हटले असेल. आपण मोठी माणसे जाणतो की हा नुसता उपचार आहे. आपण ‘पसारा’ म्हणायचे, पाहुण्याने ‘छे छे’ म्हणायचे, आणि दोघांनी चहाला लागायचे. पण आपल्या मागे पदराआड उभे असलेले पोर ‘छे छे’ ऐकत नाही. त्याला आईचा शब्द खरा वाटतो. १४,९०० रुपये घालून मी जे दुरुस्त करायला निघाले होते, ते मी स्वतः फुकटात बिघडवलेले होते. आणि ती दुरुस्ती कोणत्याही रंगाने होणारी नव्हती.

मी तिला जवळ घेऊन म्हटले, “चुकलंच माझं. आपलं घर वाईट नव्हतं. रंग उडाला होता, एवढंच.”

तिने थोडा विचार केला. “मग मी मैत्रिणींना किल्ला करायला बोलावू? उद्याच?”

दुसऱ्या दिवशी पाच मुली आल्या. गॅलरीत पोत्यावर विटा, त्यांवर माती, मातीवर हळीव, वर कुंभारवाड्यातले मावळे आणि तोफा, असा किल्ला उभा राहू लागला. धाकटा पाणी पुरवण्याच्या खात्यात होता. दुपारी एक मुलगी पाणी प्यायला आत धावली आणि जाताजाता तिचा मातीचा पाचही बोटांचा पंजा ताकरंगी भिंतीवर उमटला. माझ्या जिवाचे पाणी झाले. फडके घ्यायला उठलेसुद्धा. मग लक्षात आले, पंजा चार फुटांच्या खाली आहे. तो भाग हातांसाठीच आहे. संध्याकाळी पुसू.

त्या मुलींना घरातले काय आवडले असेल? झुंबर नव्हे, पडदे नव्हेत. दाराशेजारच्या चार रेघांपाशी त्या थबकल्या. “हे काय?” म्हणून थोरलीला विचारले, आणि तिने आजोबांची सगळी हकीकत सांगितली. मग पाचहीजणी आपलीही उंची मोजायला रांग लावून उभ्या राहिल्या. सासूबाई उठल्या. त्यांनी खुर्ची ओढून नेमकी तिथे, त्या दाराशी ठेवली, चष्मा लावला आणि हातात पेन्सिल घेतली. धाकट्याचा नंबर पहिला लावला. तीन वर्षांनी त्याची पुन्हा रेघ पडली: ३ फूट ४ इंच. पाडवा नव्हता, पण कुणी हरकत घेतली नाही. सासूबाईंनी ती कालनिर्णयच्या चौकोनातही लिहिली. दुसरी प्रत असलेली बरी.

थोरलीच्या वाढदिवसाला अजून दोन महिने आहेत. तो घरी करायचे ठरले आहे. हॉटेलचे नाव तिने पुन्हा काढलेले नाही. शिल्लक ३,१०० तिने त्यासाठी राखून ठेवले आहेत आणि वहीवर ‘हात लावू नये’ असे लिहिले आहे.

माझे म्हणाल, तर चाळीस वर्षांची सवय एका दिवाळीत सुटत नाही. घंटा वाजते, मी दार उघडते, आणि ‘घराकडे’ एवढे शब्द ओठांवर येतात. मागे कुणीतरी घसा खाकरते. मग मी थांबते, आणि म्हणते, “या. बसा.”

वाचकहो, दिवाळीत तुमच्याकडेही पाहुणे येतील, आणि रंग लागलेला असेल किंवा राहून गेला असेल. दाराशी काय म्हणायचे ते जरा मागे वळून, पदराआड कोण उभे आहे हे पाहून म्हणा. ही दिवाळी तुमच्या घरातल्या लहानथोरांना सुखाची जावो.